काऊनची वही

दवनीवाड्याच्या शाळेत खुशाल गुरुजींकडे तिसरीचा वर्ग आला ते साल २००७. माझी रिंकी त्याच वर्गात. एका संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते, तर ही म्हणते, "आई, गुरुजीनं काऊनची वही कराले सांगितली. रोज एक काऊन लिहायचा. तीन जणाईले विचारायचं, मंग आपल्या डोऱ्यानं पाहायचं, तवाच उत्तर लिहायचं."

मी म्हटलं, "आधी पाढे म्हण."

पण तिचा काऊन, म्हणजे आमच्या बोलीतला 'का', तयार होता. बोरिंगच्या पाण्याचा चहा काळा काऊन होते? मी सांगितलं, पत्ती जास्त पडते. शेजारच्या कुंताबाई म्हणाल्या, भांडं कळकट असेल. सासरे म्हणाले, "पोरी, चूपचाप पी." मग तिनं विहिरीच्या पाण्याचा एक कप केला, बोरिंगचा एक, पत्ती चमच्यानं मोजून. बोरिंगचाच काळा झाला. तिची नवी वही अजून आणायची होती, म्हणून कार्टीनं ते माझ्या रोजच्या वहीत उतरवलं, कार्तिकी एकादशीच्या पानावर, माझ्या नामजपाच्या खाली. मी ते पान फाडणार होते. गुरुजी आले होते, ते हसून म्हणाले, "फाडू नका बाई. देवाच्या खाली काऊन शोभून राहिला."

श्यामलाल सर शाळेत नवे आले तेव्हापासून दोन वर्षं गुरुजींच्याच घरी जेवले. "हा माझा लहान भाऊ," असं गुरुजी गावभर सांगत. हे सर म्हणाले, पोरांच्या वह्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात ठेवू, मी चांगल्या अक्षरात लिहून काढतो. गुरुजींनी एकतीसच्या एकतीस वह्या त्यांच्या हाती दिल्या. पोरांना शब्द दिला, तुमची नावं गोंदियात लागतील.

जानेवारीत टेम्पो करून आम्ही गेलो. टेबलावर चकचकीत पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक होतं. वर नाव एकट्या श्यामलाल सरांचं. पोरांची नावं कुठंच नाहीत. रिंकीनं पानं चाळली आणि मोठ्यानं म्हणाली, "गुरुजी, हे आपली वही नोहे. याच्यात एकही काऊन नाही. सगळीकडं नुसतं 'का' हाये."

गुरुजींनी एवढंच विचारलं, "श्यामलाल, पोराईच्या वह्या?"

"रद्दीत गेल्या. काऊन लिहिलं असतं तर साहेब लोक हसले असते ना. टेन्शन कायले घेता गुरुजी? नाम तो अपने स्कूल का ही हुआ."

दुसऱ्या दिवशी मी माझी वही घेऊन शाळेत गेले. म्हटलं, हे एक पान उरलं आहे, साहेबांना दाखवा. गुरुजींनी त्या पानावरून हात फिरवला. "भाऊ म्हटलं होतं बाई त्याले," म्हणाले, आणि वही मिटून परत दिली. सोमवारपासून वर्गात फक्त पाढे.

मग एके दिवशी मी वाती वळत बसले होते. रिंकीनं माझी वही ओढली, त्याच पानाच्या तळाशी लिहिलं, 'गुरुजीनं काऊन बंद केला काऊन?' आणि माझ्याकडं पाहत बसली.

मोठ्यांच्या गोष्टी असतात, असं म्हणणार होते. देवासमोर बसले होते, म्हणवलं नाही.

"श्यामलाल सरानं तुमच्या वह्या आपल्या नावानं लावल्या. तुमच्या गुरुजीले फसवलं."

"डोऱ्यानं पाहिलं?"

"पाहिलं."

तिनं १ आकडा घालून ते लिहिलं आणि वही काखेत घेऊन चपला घालू लागली.

"कुठं निघाली?"

"श्यामलाल सराच्या घरी. अजून दोघं राहिले न विचारायचे."