दादाचा बंद टीव्ही

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या वडिलांनी नागपूरच्या घरातला देव्हारा काढून तिथं पुस्तकांचं कपाट ठेवलं होतं. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की आम्ही भावंडं खिडकीतून हसायचो... आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो माझा दादा. त्याच्याबद्दलच लिहितेय. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दादा तरुणपणीच इंग्लंडला गेला, न्यूकॅसलला. कारखान्यात फिटर होता. मी लग्न होऊन लखनऊला आले, ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. दादाला मूलबाळ नाही. वहिनी गेल्यावर तो अगदीच एकटा पडला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी त्याला फोन लावायची, तिकडे तेव्हा दुपार असते. मागे त्याचा टीव्ही चालू असायचा. कुणी बाई हवामान सांगतेय, मधेच टाळ्या वाजताहेत. इंग्रजी मला कळत नाही, पण तो आवाज आला की मी ह्यांना सांगायची, टीव्ही चालू आहे, म्हणजे दादा बरा आहे. वहिनी गेली तेव्हा महिनाभर त्यानं टीव्ही लावलाच नव्हता ना, म्हणून ती माझी खूण झाली होती.

साल होतं २०१२. त्या साली इंग्लंडात टीव्हीचे जुने सिग्नल कायमचे बंद झाले. आपल्याकडे पुढच्या वर्षी लखनऊत सेट-टॉप बॉक्स आले, तसंच काहीसं. दादाच्या भागाची पाळी सप्टेंबरात होती. जुन्या सेटला डबा जोडा, नाहीतर काही दिसणार नाही. मी म्हटलं, घेऊन टाक डबा. तो म्हणाला, बघू.

सिग्नल गेल्यानंतरच्या रविवारी फोन केला, तर मागे टाळ्या! हुश्श झालं मला. घेतला म्हणायचा डबा.

पुढे मात्र दादाचा आवाज बसत चालला. खोकला थांबेना. जेवलास का विचारलं की तो विषय बदलायचा. माझा मुलगा आनंद तेव्हा इथल्या अमौसी विमानतळावर एका एअरलाइनमध्ये होता, तिकीट त्याला स्वस्तात मिळायचं. ट्रेनिंगसाठी काढलेला इंग्लंडचा व्हिसाही होता. एका रविवारी फोन स्पीकरवर टाकून तो मामाशी बोलला. टीव्ही त्यालाही ऐकू आला बरं का... मला डोळ्यानं खुणावून म्हणालाही, कितना लाउड है. पण फोन ठेवल्यावर गंभीर झाला.

"मम्मी, मामा ठीक नहीं लग रहे. मैं एक बार हो आऊँ?"

मीच नको म्हटलं. जानेवारीत त्याचं लग्न होतं, हज़रतगंजला खरेदीच्या चकरा चालल्या होत्या, सुट्ट्या वाचवायच्या होत्या. म्हटलं, अरे, मजेत टीव्ही बघत बसलाय तुझा मामा. लग्न झाल्यावर दोघं मिळून जा.

त्याच्या पुढच्या रविवारी मी दादाला विचारलं, एवढा मोठ्यानं काय लावून बसतोस रे?

"काही नाही गं बेबी, बंद आहे तो."

"मग मी काय ऐकतेय? माझ्या कानात वाजतंय का?"

दादाला खोकल्याची उबळ आली. मागे टाळ्या चालूच. मग हळूच म्हणाला, "तुला येतोय ना आवाज? मग असू दे."

मी हसले हो! त्याचा स्वभावच थट्टेचा.

डिसेंबरात तो गेला. शेजारच्या मार्गरेटबाईंना खुर्चीतच सापडला. न्यूमोनिया... आणि दोन-तीन दिवस पोटात अन्न नव्हतं.

आनंद तिकडे गेला, पण माती द्यायला. त्यानं घरात काय पाहिलं, तर टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली. वर धुळीचा थर. डबा कुठंच नाही. मार्गरेटबाईंना ऐकू येत नाही, त्यांनी कागदावर लिहून दिलं — सिग्नल गेला त्याच दिवशी दादानं त्यांच्या मदतीनं सेट फिरवून ठेवला, नंतर तो कधीच लावला नाही. रेडिओही नव्हता घरात. मार्गरेटबाई स्वतः टीव्हीचा आवाज बंद ठेवून खालची अक्षरं वाचतात, आणि दुसऱ्या बाजूचं घर वर्षभर रिकामं.

म्हणजे जवळपास तीन महिने आम्ही काय ऐकत होतो? लाइन क्रॉस झाली असेल, असं हे म्हणाले. दर रविवारी? बरोबर माझ्याच फोनवर? मैत्रिणी म्हणतात, तुझ्या वहिनीनं तुला धीर दिला असेल. मला कशाला धीर? आजारी तर तो होता. तो आवाज आला नसता, तर मी आनंदला त्याच दिवशी विमानात बसवलं असतं. जे काही होतं ते, त्यानं मला घरी बसवून ठेवलं आणि दादाला तिकडे एकट्याला मरू दिलं. त्याला स्वतःला तो आवाज येत होता की नाही, हेसुद्धा मी विचारलं नाही.

उत्तर मला आजवर मिळालं नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. आनंदनं एकदा तरी म्हणावं, मम्मी, मी विचारलं होतं तुला... भांडावं माझ्याशी. तो म्हणत नाही. बीपीची गोळी हातावर ठेवतो, पाणी देतो, और कुछ चाहिए म्हणून विचारतो, आणि आपल्या खोलीत निघून जातो.