पऱ्हाटीचा बंगला

लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात मी एक अख्खा बंगला चुलीत घालून चहा केला. वर चहा उतू जाऊ दिला नाही याचा मला अभिमान वाटला, इतकी मी हुशार. पाहुणे आलेले, सरपण ओलं, डोळ्यांत धूर. ओसरीवर पोत्याखाली हात घातला, कोरडी पऱ्हाटी लागली. कपाशीच्या वाळक्या काड्या चुलीसाठीच असतात, एवढं ज्ञान उंद्रीच्या माहेराहून आणलं होतं. दिली कोंबून. पेट घेतल्यावर दिसलं, या सरपणाला दारं-खिडक्या आहेत...

गेल्या महिन्यात दादा गेल्याचा निरोप आला तेव्हाही मी चहाच टाकत होते. दादा म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, आणि दादा सडकेच्या कामावर गिट्टी मोजून घेणारे ओव्हरशियर. पण डोक्यात एकच वेड, घाटाखालच्या जंगलात अख्ख्या सागाच्या ओंडक्यांचा बंगला बांधायचा. ओंडक्याला खाच पाडून त्यावर दुसरा बसवायचा, कोपऱ्यात एकमेकांत अडकवायचे, खिळा नाही. गाव हसे. सासूबाईच म्हणत, "घर बांधून राह्यला का सरण रचून राह्यला बे?" जंगलाचे मालक, देऊळगाव राजाकडचे मोठे जमीनदार, यांना तिथं बंगला हवा होता, पण ते दगडी बांधकामाकडे झुकले होते. त्यांचं मन वळवायला दादांनी पावसाळाभर बसून काड्यांचा तो नमुना केला होता. पाहुणे म्हणजे तेच मालक, आणि ते तोच बघायला आले होते.

भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही आणि तिनं पदर तोंडावर ओढून घ्यायचा, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे दादा रिकामं पोतं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, तेव्हा मला रागावायचीही त्यांची सोय नव्हती. चुलीकडे बघत राहिले. मी पदराआड रडत होते. मग सासूबाईंना म्हणाले, "माय, इचार तिले, आधी काय पेटलं?"

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आता ते इचारून का राख परत येते?"

"इचार तं."

मी सासूबाईंच्या कानाशी पुटपुटले, आधी गवताचं छप्पर गेलं, मग भिंती. कोपरे मात्र शेवटपर्यंत उभे होते.

"कोपरे उभे होते," दादा स्वतःशीच म्हणाले, आणि तसेच बाहेर गेले. मालकांपुढे चहा ठेवून त्यांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, "म्हणजे वणवा लागला तर माझी मंडळी आत भाजून निघतील." दादा म्हणाले, "छप्पर गवताचं नाही, मातीच्या भाजक्या कवेलूचं घालू. चूल बंगल्यात ठेवणारच नाही, स्वयंपाकघर अंगणापलीकडे दगडाचं. भोवतालचं रान साफ. कोपरे मात्र हेच राहतील." आणि गोठ्यातून ओली पऱ्हाटी आणून तिथंच जमिनीवर पहिला कोपरा रचायला बसले. थोड्या वेळानं मालकांनी कोट काढून बाजूला ठेवला आणि तेही काड्या जुळवायला बसले... मी दाराच्या फटीतून बघत होते.

बंगला झाला. आम्ही बायका बैलगाडीतून बघायला गेलो. मिठीत न मावणारे ओंडके एकावर एक, आत उभं राहिलं की सागाचा वास आणि गारवा. गाव आता हसत नव्हतं, कोपऱ्यांवर हात फिरवत होतं. पुढे एका उन्हाळ्यात वणवा अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि काळा पट्टा सोडून गेला. दादांनी नंतर पूल बांधले, शाळा बांधल्या, पण कुठेही गेले तरी बोलता बोलता दोन काड्या उचलून कोपरा जुळवायची सवय गेली नाही. जेवायला बसले तरी पानाशेजारी उदबत्तीच्या काड्यांचा कोपरा तयार.

शेवटची भेट दिवाळीनंतर झाली. मधल्या काळात पदराची रीत कधीच मागे पडली होती, तरी आम्ही दोघं सवयीनं कोणाच्या तरी मार्फतच बोलायचो. त्या दिवशी घरात मधे कोणी नव्हतं. मी कप पुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, खाटेवरच्या दोन काड्या एकमेकींत अडकवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाले,

"त्या दिवशीचा चहा बाकी झकास झाला होता व माय. तुले सांगाचं राहूनच गेलं."