गालिच्याची उलटी बाजू

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूकडे सरळ बाजूनं पाहिलेलं नाही. ताटात पोळी पडली की ती आधी उलटी करणार, कुणी नवीन घड्याळ दाखवलं की मनगटावरून काढायला लावून मागून बघणार. पाथरीला त्यांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. कपाटं, आरसे, पितळी समया असं काहीबाही तिथं मिळे, पण त्यांचा सगळा जीव गालिच्यांत. गालिचा हातानं एकेक गाठ मारून विणलेला आहे की मशीनचा, हाच त्यांच्या लेखी जगातला खरा प्रश्न. बाकीचे लोकांनी उगीच काढलेले. पेडगावच्या एका लग्नात ते आहेर द्यायला म्हणून स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या पायाखालचा गालिचा कोपऱ्यात उलटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं "मशीनचा" म्हणून खाली उतरले. मुलीच्या बापानं तो मंडपवाल्याकडून भाड्यानं आणला होता. बिचारा पंगतीतसुद्धा आमच्याशी बोलला नाही.

त्यांची तपासणी म्हणजे पंचनामाच. आधी जमिनीवर पालथं पडून भिंगातून मागच्या गाठी मोजायच्या. मग झालर ओढून पाहायची, कारण खऱ्या गालिच्याची झालर त्याच्याच उभ्या धाग्यांतून निघालेली असते आणि मशीनच्याला ती वरून शिवतात. मग ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का बघायचं, आणि शेवटी एक धागा उपटून काडीनं जाळायचा. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो, नकली धागा वितळतो. एका बड्या शेतकऱ्याकडे निजामाच्या दरबारातला म्हणून तीन पिढ्या मिरवलेला गालिचा होता. त्याचा धागा वितळून मणी झाला, तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "दरबारात प्लास्टिक लय होतं म्हणायचं." चहा न पिताच आम्हाला तिथून उठावं लागलं. कौतुक हा प्रकार त्यांच्या गावीच नव्हता. अगदी फार झालं तर "चालतंय" म्हणत. माझी थोरली मेव्हणी, आमच्या आक्का, त्या एका शब्दावर चाळीस वर्षं संसार करत आल्या होत्या.

दुकानात आलेल्या गालिच्यांपैकी एकच त्यांनी घरासाठी ठेवून घेतला होता. लाल, जुना, हातगाठीचा. त्यावर कुणी बसायचं नाही, पाऊल ठेवायचं नाही. एका उन्हाळ्यात उंदरानं त्याचा तळहाताएवढा कोपरा कुरतडला आणि साडूंनी दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. आक्कांनी आपला लाल स्वेटर उसवला, ती लोकर डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात उकळून जुनी दिसेल अशी केली आणि पावसाळाभर सुईनं एकेक गाठ मारत तो कोपरा भरून काढला. साडूंनी तो उलटून पाहिला, "चालतंय" म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

दोन वर्षांपूर्वी आक्कांना कॅन्सर निघाला. नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्यात दुकान गेलं. इंजेक्शनांचा दुसरा फेरा ठरला तेव्हा विकण्यासारखा तो गालिचाच उरला होता. संभाजीनगरहून एक व्यापारी आला. तोही जाणता होता. पालथा पडला, भिंग लावलं, धागा जाळला. जुना आहे, अस्सल आहे आणि कुठंही दुरुस्ती नाही, म्हणून लाख रुपये देतो म्हणाला. इंजेक्शनांची सोय होत होती. मी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच साडू खाली वाकले. मी त्यांची बाही ओढली, पण तोवर कोपरा उलटा झाला होता.

"इथं दुरुस्ती हाय," ते म्हणाले. "तुमाला दिसली न्हाई, दिसायची बी न्हाई. हिच्या हातचं काम हाय. असलं काम मी उभ्या जन्मात बघितलं न्हाई."

व्यापाऱ्यानं किंमत जागच्या जागी निम्म्यावर आणली आणि गालिचा गुंडाळून घेऊन गेला. मी साडूंना नाही नाही ते बोललो. बायकोच्या जिवापेक्षा तुम्हाला तुमचा खरेपणा मोठा, असंही बोललो. आत गेलो तर खाटेवर आक्का रडत होत्या.

"पाव्हणे, त्यांना बोलू नका," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकायलेय मी."

उरलेले पैसे नातेवाइकांनी घातले, इंजेक्शन एकही चुकलं नाही. आक्का तरीही तीन महिन्यांत गेल्या. तेरावं झाल्यावर साडूंनी मला त्या व्यापाऱ्याला फोन लावायला सांगितला. गालिचा कुणाकडे गेला एवढंच त्यांना हवं होतं. व्यापारी खुशीत होता. दिल्लीच्या गिऱ्हाइकानं घेतला, म्हणाला. "दुरुस्तीचं मी त्याला बोललोच नाही. त्याच्या जाणकारानं दोन तास तपासला आणि त्यानं पूर्ण भाव दिला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे निम्मे पैसे कापून हा वर हसत होता. मी फोन आपटला आणि साडूंना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"दोन तास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् सापडलं न्हाई?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "हिला सांगतो," म्हणत ते लगबगीनं उठले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. माझा सगळा राग ओसरला. मी जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिलो.