आमचं तळं आणि हवालदार संपत

पोस्टिंगचा आदेश आला तेव्हा मी सिक्कीमला होतो. ब्रिजिंग कॅम्प, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांना, सॅपर लोकांना, पाण्यावर तरंगते पूल बांधायला शिकवतात तो कॅम्प. ठिकाण वाचलं आणि क्लार्कला पुन्हा वाचायला लावलं. तो कॅम्प आमच्या गावच्या तळ्यावर होता. दुसरा कोणी असता तर त्यानं लाडू वाटले असते. माझ्या मनात आधी आला तो संपत. तो तिथं केव्हाचा ठाण मांडून बसला होता.

तळ्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रहिमतपूर सोडून म्हसवडच्या अंगाला निघालं की माळ सुरू होतो, तिथं आमचं गाव. तळं इंग्रजांच्या अमदानीतलं. दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी त्याचा बांध घातला. बांध झाला आणि एक जुनी वाडी पाण्याखाली गेली. तिची विहीर, पडक्या भिंती आणि शेतांच्या बांधावरच्या बाभळी अजून तळाशी आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाभळींचे काळे खुंट वर दिसतात.

पुढं लष्करानं पश्चिमेचा माळ घेतला. गुरं चारायची जागा गेली म्हणून म्हातारी माणसं खूप चिडली होती. मग त्याच कॅम्पच्या गेटवर भरती निघाली आणि दर दुसऱ्या घरात एक फौजी झाला. चिडणं तिथंच थांबलं.

आमच्याकडं पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून पोहायला शिकतात. ज्या दिवशी भोपळे सुटतात त्या दिवशी आई गूळ-खोबरं वाटते. त्यानंतर पुन्हा पाठीला काही बांधलं तर गाव हसतं. म्हातारा झाला तरी माणूस तळ्यात आधार घेत नाही. बाहेरच्यांना हे पोरकट वाटेल. आमच्यात हा अब्रूचा प्रश्न आहे.

संपतचे भोपळे माझ्याआधी सुटले. तेव्हापासून तो पुढं आणि मी मागं. दोघं एकाच दिवशी भरती झालो, एकाच बराकीत ट्रेनिंग केलं. तो आधी हवालदार झाला, मी नाईकच राहिलो. मी बर्फात बोटं शेकत असायचो, तेव्हा तो रविवारी सायकल काढून आईच्या हातची भाकरी खाऊन यायचा. गावात लग्न असो, जत्रा असो, युनिफॉर्मवाला म्हणून मान संपतला. रजेवर गेलो की माझी आईसुद्धा म्हणायची, "संपत परवाच येऊन गेला, पोतं उचलून दिलं." मी जळायचो. दुसरा सौम्य शब्द शोधला, पण सापडला नाही.

कॅम्पवर रिपोर्ट केला तेव्हा मी त्याच्याच हाताखाली आलो. त्यानं मला मिठी मारली. मी टाचा जुळवून कडक सावधान उभा राहिलो. "सोड की रं किसन्या," तो म्हणाला. "ड्युटीवर हाय," मी म्हणालो. त्यानं हात खाली घेतले.

रूटीन साधं होतं. पहाटे पीटी, मग बोटी पाण्यात, दुपारी सामानाची सफाई. दोरांच्या गाठी, नांगर टाकणं, राफ्ट जोडणं. राफ्ट म्हणजे बोटींवर फळ्या टाकून केलेला तराफा, त्यावर जीप चढते. संपत चांगला शिकवायचा. चुका दिसाव्यात म्हणून मी टक लावून बघायचो, पण फारशा सापडायच्या नाहीत. संध्याकाळी तो माझ्याकडून सिक्कीमच्या गोष्टी काढून घ्यायचा. खिंड किती उंच, पोस्टवर पाणी कसं आणता, समोरचे चिनी दिसतात का. मला वाटायचं, हा आता माझं तेवढंही घ्यायला निघालाय. मी तुटक उत्तरं द्यायचो.

जानेवारीत कॅम्पचा वार्षिक दिवस होता. त्या दिवशी गावाला आत सोडतात. सगळं गाव बांधावर जमलं होतं. अधिकारी पलीकडं शामियान्यात बसले होते. सकाळी दहाला डेमो होता. संपत जीप चढवलेल्या राफ्टचा कमांडर, मी सेफ्टी बोटीवर. हुकूम स्पष्ट होता, पाण्यावर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जाकीट.

राफ्ट सुटायच्या आधी बांधावरून कोणीतरी ओरडलं, "संप्या, भोपळा बांधलास व्हय रं?"

सगळा बांध हसला. संपत आधी बांधाकडं बघून हसला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं. जाकिटाचे पट्टे सोडले आणि ते राफ्टवर टाकलं.

"हवालदार साब, जाकीट," मी म्हणालो.

"आपल्या तळ्यात? गप रं."

राफ्ट मधोमध आला आणि त्यानं नांगर टाकायचा इशारा केला. नांगर सुटला, दोर सरसर निघाला. सॅपर मुरुगन हा नवा मुलगा दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून उभा होता. दोरानं घोट्याला विळखा घातला आणि मुलगा ओरडायच्या आत पाण्यात गेला. अंगातलं जाकीट त्याला वर ओढत होतं आणि नांगर खाली. नांगर जड होता.

रेडिओ खरखरला. "राफ्ट वन, राफ्ट वन, क्या हुआ? ओव्हर."

"एक आदमी पानी में. ओव्हर," मी म्हणालो.

माझी बोट संपतपेक्षा त्या जागेच्या जवळ होती. मी उडी मारली. खाली जायला हातपाय मारले, पण जाकिटानं मला वर आणून ठेवलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वर. पट्टे भिजून आवळले होते आणि थंडीनं बोटं चालत नव्हती. तेवढ्यात माझ्या शेजारून संपत गेला. दातात चाकू, अंगात फक्त बनियन. लहानपणी सूर मारायचा तसाच गेला. खरं सांगतो, त्याही क्षणी माझ्या मनात आलं, हाही माझ्या पुढं.

मुरुगन बुचासारखा वर आला. घोट्याला कापलेल्या दोराचं टोक होतं. पोरांनी त्याला बोटीत ओढला, तो खोकायला लागला. बांधावर टाळ्या सुरू झाल्या. मी पाण्याकडं बघत होतो. टाळ्या हळूहळू थांबल्या.

जाकीट सुटल्यावर मी खाली गेलो. दोनदा हाताला नुसता गाळ लागला. तिसऱ्यांदा त्याचा खांदा लागला. बनियन बाभळीच्या खुंटात अडकली होती आणि दोर त्याच्या हाताभोवती होता. मी त्याला वर आणला. डॉक्टरांनी खूप वेळ छाती दाबली. त्याची आई, हौसाकाकी, बांधावर पुढंच बसली होती.

आठवड्याभरात कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. कॅम्पच्या गेटशी एक दगड आहे, त्यावर ड्युटीवर असताना प्राण गेलेल्यांची नावं कोरतात. हुकूम मोडून मेलेल्याचं नाव त्यावर येत नाही. राफ्टवरची पोरं म्हणाली, जाकिटाचं लक्षात नाही. गावानं तोंड उघडलं नाही आणि पलीकडच्या अधिकाऱ्यांना तेवढं दिसलं नव्हतं. सगळं माझ्या जबानीवर आलं.

मेजरसाहेबांनी विचारलं, "नाईक, जाकीट त्यानं कधी काढलं? निघताना की उडी मारताना?"

माझ्या एका शब्दावर संपत पहिल्यांदा माझ्या मागं पडणार होता. जन्मभर मला हेच हवं होतं. आणि तो शब्द खोटाही नव्हता.

"निघताना काढलं, साहेब. माझ्यासमोर. मी टोकलं, त्यानं ऐकलं नाही."

साहेबांनी पेन उचललं.

"अजून एक, साहेब. मी जवळ होतो आणि माझ्या अंगात जाकीट होतं. मला खाली जाता आलं नाही. त्याच्या अंगात नव्हतं म्हणून मुरुगन जिवंत आहे. लिहायचं तर दोन्ही लिहा."

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं. मग त्यांनी दोन्ही लिहिलं. पावसाळ्यानंतर दगडावर नाव आलं, हवालदार संपत.

आता मी निवृत्त आहे. तासगावला एका बेदाणा शेडवर सुपरवायझर आहे. जानेवारीत एसटीनं गावी जातो, कॅम्पवर फूल वाहतो. मुरुगन आता सुभेदार झालाय, तोही जमेल तेव्हा येतो आणि हौसाकाकीच्या पाया पडतो. गावाचा ओढा अजून संपतकडंच आहे. माझे गुडघे गेले, दात गेले, तो फोटोत तसाच ताठ. ह्याचाही हेवा वाटतो.

यंदा फुलं वाहून झाल्यावर काकीला घरी सोडायला गेलो. तिला आता नीट दिसत नाही. माझा हात धरून ती ओट्यावर बसली.

"किसन, त्यो तुज्यावर लय जळायचा बग."

"कोण?"

"संपत. दुसरं कोण?"

"माझ्यावर? काकी, उलटं बोलताय तुमी."

"न्हाई रं. तू तिकडं बर्फात, बॉर्डरवर. त्यो हितं माझी भाकर खात. म्हणायचा, आये, खरा फौजी किसन्या, मी आपला तळ्यातला बेडूक. बदली माग म्हणलं तर मागायचा बी, पर देत न्हवते. त्या दिवशी सकाळी च्या पिताना म्हणला, आज किसन्या बगायला हाय, आज दावतो त्याला."

गाव हसलं म्हणून त्यानं जाकीट काढलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

"तुला ठावं न्हवतं व्हय?" काकीनं विचारलं.

"न्हाई काकी."

"मला वाटलं ठावं आसंल. दोस्त तुमी."

तिनं चहा केला, मी प्यायलो. मग स्टँडवर आलो. तासगावची गाडी बरीच रिकामी होती. शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवली. संध्याकाळी बराकीबाहेर तो सिक्कीमचं विचारत होता तेव्हा मी त्याला नीट सांगितलं असतं, आणि त्याच्या भाकरीवर मी किती जळतो तेही बोललो असतो, तर तो हसून हसून लोळला असता. आज त्या सीटवर तो असता आणि ती पिशवी मला मांडीवर घ्यावी लागली असती.