पारीवरचं धोतर

मुंबईहून नागपूरला विमानानं पहिल्यांदा निघालो, ती ऐंशीनंतरची एक दिवाळी. आमच्या कंपनीनं प्रवासाच्या दोन सवलती ठेवल्या होत्या, त्यातली एकच घ्यायची. साधी घेतली तर रेल्वेचा दुसरा वर्ग, पण आईवडिलांसकट सगळ्यांना. वरची घेतली तर विमान, मात्र एकट्याला. बाबांना एकदा समुद्र पाहायचा होता. मला ते ठाऊक होतं. तरी मी वरची घेतली. साहेबलोकांत बसायची हौस, दुसरं काही कारण नव्हतं.

नागपूरहून एसटी धरली. बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लोंबत ठेवली होती, लोकांना दिसावी म्हणूनच. शेजारच्या बाईनं ती दोनदा निरखली. आमच्या भागातलं शहापूर आल्यावर म्हणाली, "इमानातून उतरले अन् या खटाऱ्यात काहून बसले, भाऊ? तुमच्या गावाले नाई उतरत काय थे?"

गाडीतले हसले. मीही हसलो.

तुमसरला गाडी बदलून सिहोऱ्याला उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान पिवळं पडत आलं होतं. विमानानं येतोय हे पत्रानं कळवलं होतं, तरी बाबा घरी नव्हते. सकाळपासून बोडीवर (शेतातल्या लहान तळ्यावर) जाऊन बसलेत, असं आई म्हणाली. तसाच तिकडे गेलो. बोडीच्या पारीवर (बांधावर) त्यांचं पांढरं धोतर लांबच लांब पसरलेलं, कोपऱ्यांवर दगड. बाबा बाजूला उन्हात उभे.

"दिसलो का बाबू वरून? तुले ओळखू याव म्हणून हातरलो (अंथरलं) ना."

मुंबईचं विमान नागपूरलाच उतरतं. सिहोरा त्याच्या किती पुढे, उगवतीला. मी म्हणालो, "दिसले ना, बाबा."

त्यांनी दगड बाजूला केले, धोतर झटकून घडी घातली. संध्याकाळी येईल त्याला सांगत होते, पोराले मी वरून दिसलो. आईनं बोडीतले मासे रांधले होते.

समुद्राचं बोलणं मी निघायच्या दिवसावर ढकललं. एसटीची वाट पाहताना सांगितलं की ही सवलत एकट्यापुरतीच आहे, तुम्हाला नेता यायचं नाही. दुसरीही सवलत होती, हे सांगितलं नाही. त्यांनी बिडीचं थोटूक पायाखाली विझवलं.

"वरून समुंदर बी दिसत असन ना?"

"दिसतो."

"मंग माया वाट्याचा तू पाहून घेजो."

परतीला खिडकीची जागा मिळाली. मुंबई जवळ आली तसा शेजारचा गृहस्थ वाकून म्हणाला, बघा, समुद्र कसा चकाकतोय. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

पुढच्या रोवणीआधी (धानाच्या लावणीआधी) बाबा गेले. मग मी साधी सवलत मागून घेतली आणि आईला मुंबईला आणलं. वाळूत उभी राहून ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. एसटीची वाट पाहतानाचं आमचं बोलणं बाबांनी तिला सांगितलेलं होतं.

"त्यायच्या वाट्याचा पाहिला होता ना तू?"

मी हो म्हणालो. आता आईही नाही, म्हणून हे लिहिता आलं.