बाळंतिणीची मोरी

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी माशांतला पारा मोजतो. बाहेरदेशी जाणारा माल असतो. खोल समुद्रातला कुपा, तलवारमासा, कधी मोरी, म्हणजे शार्क. लहान माशातला पारा मोठ्यात साठत जातो, म्हणून मोठ्या माशाचा आकडा चढाच येतो. जिथं मैलोन्‌मैल कारखाना नाही, त्या ध्रुवाकडच्या सील आणि अस्वलांतही तो सापडतो, हे मी नव्या पोरांना कंटाळा येईपर्यंत सांगत आलोय. घरी मात्र लॅबचं काही बोलायचं नाही, ही माझी सवय. तिच्याआड बरंच काही लपतं.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. बाळ झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, मोरी आणा. दूध वाढतं." तिच्या कोकणातल्या माहेरी बाळंतिणीला ती घालतातच. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच ती एवढ्या हौसेने मसाला भाजत होती. मी पिशवी उचलली. कल्याणच्या बाजारात कोळीण म्हणाली, "काय काका, लेकीला ना? घ्या, ताजी हाय." मी नुसता हसलो. पुढच्या रविवारीही आणली.

तिसऱ्या रविवारी मुलीने पहिला घास उचलला आणि मी म्हणालो, "नको खाऊस ते."

"का? काटा आहे?"

"पारा असतो त्यात. थोडा दुधातून बाळाकडे जातो."

तिने घास खाली ठेवला. "बाबा, तुला हे आज कळलं?"

"नाही."

बायको पळी हातात घेऊन उभी होती. "तीन रविवार स्वतः आणलीत. तोंडाला काय झालं होतं?"

दोनदा खाल्ल्याने बाळाला काही होणार नाही, असं मी सांगू लागलो. बहुधा ते खरंही असेल.

"ते लॅबमध्ये सांगा," ती म्हणाली.

दुपारी पुन्हा बाजारात जाऊन मी मांदेली आणली. लहान मासळी, त्यात पारा कमी. संध्याकाळी बायको ती साफ करत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "हिच्या वेळी आईने मला किती घातली असेल हो?"

फार नसेल, असं तोंडावर आलं होतं.

"बरीच," मी म्हणालो. "तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तेव्हा नव्हतं," ती म्हणाली, आणि साफ करायच्या उरलेल्या मांदेलीचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं.