गोदीची पोर

"ए गोदीची, उठ. म्हाताऱ्याला बसू दे."

मी उठले.

गोदी माझी आई. बोलणारा आमच्या गावचा, कन्नड तालुक्यातला मोठा जमीनदार. आई त्याच्या गोठ्यातलं शेण काढायची. तो ओसरीवर आला की टोपलं खाली ठेवून, हात बांधून उभी राहायची. तो आत जाईपर्यंत. शेजारी मीही. आम्ही त्याला मालक म्हणायचो.

आता मी औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होते. तालुक्यांतून पाठवलेले पेशंट आधी माझ्या टेबलाशी यायचे. कोणाला लगेच आत न्यायचं, कोण थांबू शकतं, हे मी तपासून ठरवायची. सगळे मला सिस्टर म्हणत. डॉक्टरसुद्धा.

त्या सकाळी भरल्या खोलीत मी गोदीची झाले. मालकाचा बाप माझ्या खुर्चीत बसला. पोट दुखत होतं. जीपमधून उतरून चालत आला होता. नाडी, बीपी ठीक.

"शेण काढता काढता लई मोठी झाली गं," मालक म्हणाला. सोबतची माणसं हसली.

भिंतीशी एका मेंढपाळाची सून जमिनीवर पडली होती. आठवा महिना. चेहरा सुजलेला, बीपी फार वाढलेलं, डोळ्यांपुढं अंधारी. आकडीचा झटका कधीही येऊ शकत होता. तिच्यासाठी मी स्ट्रेचर मागवलं होतं. एकच मोकळं होतं. ते दारात आलं आणि मालकानं दांडीवर हात ठेवला.

"हे इकडं घे."

डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, यांचं बघा आधी. वरून फोन आलाय."

मी उभीच होते. हात बांधून.

तेवढ्यात त्या पोरीची सासू उठली. सुनेच्या काखेत हात घालून तिनं तिला बाजूला ओढलं. वाट करून दिली.

"होऊ द्या मालकांचं," ती म्हणाली. "आमचं काय, बसतो आम्ही."

हा माणूस कोण, हे तिला ठाऊकही नव्हतं. तरी मालक.

माझे हात सुटले. मी स्ट्रेचरची दांडी धरली.

"दांडी सोडा. ही बाई आधी जाईल."

"कुणाशी बोलतीस?"

"पेशंटच्या नातेवाइकाशी."

त्यानं सोडली नाही. मीही सोडली नाही. त्या ओढाताणीत खाली पोरीला झटका आला. मग डॉक्टर धावले. वॉर्डबॉयनं तिला उचललं. मालकाचा हात तेव्हा निघाला.

पोरगी वाचली. बाळ गेलं.

दुपारी सासू आली. तिनं कोणाला शिवी दिली नाही. टेबलाची कड धरून विचारलं, "बाई, म्या तिला बाजूला वढलं नसतं, तर लेकरू ऱ्हायलं असतं का?"

"तुमच्यामुळं नाही गेलं," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.

आई अजून मालकाच्याच गोठ्यात होती; त्याच आठवड्यात त्यानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मग त्याचा निरोप आला, गोदीच्या पोरीनं येऊन पाया पडावं.

"जातीस का?" आईनं विचारलं.

"नाय."

तिनं पदर डोक्यावर घेतला. "मग मी जाते," म्हणाली.

गेली. पाया पडून आली. मी अडवलं, तिनं ऐकलं नाही.

अजून तालुक्यांतून जीप येतात. अजून दारातून कोणीतरी दरडावतं, "ए, उठ." मी उठत नाही. उठते ती जमिनीवर पडलेल्या पेशंटसाठी. मालकांसाठी बाहेर बाक आहे.